चार चिंचोके, पंचवीस घरं आणि नाणेघाटातले पट

आजच्या एपिसोडचं हे लेखी रूप, हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी खास.

लुडो, कॅरम, व्यापार, सगळं खेळून झालं. पण आंबेगावातल्या आमच्या घरी सगळ्यात जास्त डाव पडले ते चंफुलचे. काही जण यालाच अष्टाचंग म्हणतात. लागतं काय? खडू, सोंगट्या म्हणून खडे किंवा बांगड्यांचे तुकडे, आणि दोन चिंचोके फोडून झालेली चार दलं. एक बाजू पांढरी, दुसरी तपकिरी.

पाच बाय पाचचा चौकोन, म्हणजे २५ घरं. चारही बाजूंच्या मधल्या घरांवर आणि मधोमध फुली. फुलीवर सोंगटी मरत नाही. बाहेरच्या १६ घरांची फेरी मारायची, मग आतल्या ८ घरांत उलट्या दिशेने फिरून मध्यात पोचायचं. अट एकच: समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत एंट्री नाही. नातवंडं रडली तरी आजी ही अट सोडत नाही.

आता थोडं गणित, इंजिनिअरिंग वाया जायला नको. जितकी दलं पांढरी तितकं दान. चारही तपकिरी पडली तर आठ. दलं दोन्ही बाजूंना सारखीच पडतात असं धरलं तर १६ शक्यता होतात. त्यात दोन पडतं ६ वेळा, एक आणि तीन ४-४ वेळा, चार आणि आठ फक्त एकेकदा. म्हणून शत्रूच्या पुढे बरोब्बर दोन घरांवर आपली सोंगटी ठेवू नये. आजी चौथी शिकलेली, पण "दुव्यावर बसू नको रे" हे ती मला लहानपणापासून सांगत आलीय.

आमच्याकडे हे खेळ टिकले त्याला बिबट्याही कारण आहे. जुन्नर-आंबेगावात ऊस आला, उसात बिबटे आले. अंधार पडला की पोरं घरात. लाईट गेली, मोबाईलची बॅटरी संपली, की चिंचोके निघतात. अशा वेळी वाघ-बकरी खेळताना बकऱ्यांच्या बाजूने सगळे जरा जास्तच जीव लावतात!

आणि हे खेळ किती जुने? जुन्नरहून नाणेघाटात जा. सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख सगळे बघतात, दगडी रांजणासोबत सेल्फी काढतात. पायाखालच्या कातळाकडे मात्र कमीच जण बघतात. तिथे पट कोरलेले आहेत: मंकालाचे खळगे, वाघ-बकरी, नवकंकरी. कोकणातून माल घेऊन चढलेली माणसं इथे थांबत, बैलांना विसावा देत. तेव्हाचा हा टाइमपास असावा.

नवकंकरीत एकात एक तीन चौकोन, २४ बिंदू, प्रत्येकाकडे नऊ खडे. तीन एका ओळीत आले की समोरच्याचा एक खडा उचलायचा. राल्फ गॅसर याने १९९३ मध्ये कॉम्प्युटरने हा खेळ पूर्ण सोडवला: दोघंही अचूक खेळले तर बरोबरी. आमच्या घरी अजून एकदाही बरोबरी झालेली नाही.

पावसाळ्यात घाटात तुफान गर्दी असते. हजारो बूट त्याच रेघांवरून जातात, कुणी शेजारी दगडाने स्वतःचं नाव कोरतं. गेलात तर पट शोधा, फोटो काढा, पण रेघा खडूने किंवा दगडाने गिरवू नका.

घरी आजी-आजोबा असतील तर त्यांचे नियम आजच फोनवर रेकॉर्ड करा. आठ पडल्यावर तुमच्याकडे पुन्हा दान मिळतं का? व्हॉइस नोट पाठवा, आमच्या घरातलं एक जुनं भांडण मिटवायचंय.