बंद पडलेला लॅपटॉप मदरबोर्ड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लॅपटॉपचे बटण दाबूनही दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, तेव्हा ‘बोर्ड गेला’ असा निकाल चटकन लावला जातो. प्रत्यक्षात मदरबोर्डवर वीज ठरलेल्या क्रमाने पुढे सरकते. अनेक लॅपटॉपमध्ये अडॅप्टरचे 19 किंवा 19.5 व्होल्ट डीसी जॅकमधून आत येतात आणि संरक्षक मॉस्फेट (स्विचसारखा चालणारा ट्रान्झिस्टर) ओलांडून मुख्य वाहिनीवर पोहोचतात. त्यातून 3.3 आणि 5 व्होल्टचे कायम चालू राहणारे पुरवठे तयार होतात. त्यांच्यावर एम्बेडेड कंट्रोलर ही चिप चालते. बटण दाबल्याचा संकेत तिला मिळाला, की मग मेमरी, चिपसेट आणि शेवटी प्रोसेसर यांचे पुरवठे सुरू होतात. ही साखळी कुठे तुटली ते मोजून शोधणे म्हणजेच निदान.

गैरसमज : अडॅप्टरचा दिवा लागतो, म्हणजे अडॅप्टर ठीक आहे.
वस्तुस्थिती : दिवा भार नसतानाही लागतो. सदोष अडॅप्टरचे व्होल्टेज भार पडताच कोसळते. म्हणून प्लगवर व्होल्टेज मोजावे आणि तेवढ्याच क्षमतेचा दुसरा अडॅप्टर लावून पाहावा. प्लग जोडताच अडॅप्टरचा दिवा विझत किंवा लुकलुकत असेल, तर जॅक किंवा मुख्य वाहिनी शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. यूएसबी-सी चार्जर आधी फक्त 5 व्होल्ट देतो; लॅपटॉपशी बोलणी झाल्यावरच तो सहसा 20 व्होल्टपर्यंत चढतो. यूएसबी मीटरवर आकडा 5 वरच अडकला, तर चार्जर आणि केबल बदलून पाहावी. त्यानेही फरक न पडल्यास पोर्ट आणि त्याची कंट्रोलर चिप तपासावी.

गैरसमज : स्क्रीन काळी, म्हणजे बोर्डला वीजच नाही.
वस्तुस्थिती : वीज नसणे आणि चित्र नसणे हे दोन वेगळे दोष आहेत. पंखा फिरतो किंवा कॅप्स लॉकचा दिवा लागतो, तेव्हा साखळीचा बराच भाग चालू असतो. अशा वेळी रॅम काढून पुन्हा बसवणे, बाहेरचा मॉनिटर जोडणे आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून कंपनीच्या सूचनांशी ताडणे, ही पहिली कामे. बायोस चिपमधला मजकूर बिघडला तरी असेच लक्षण दिसते. त्याहीआधी अडॅप्टर आणि बॅटरी काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरावे; अडकलेला कंट्रोलर कधीकधी एवढ्यानेच ताळ्यावर येतो.

गैरसमज : मल्टिमीटरने बीप दिला, की शॉर्ट सापडला.
वस्तुस्थिती : प्रोसेसरच्या कॉइलवर निरोगी बोर्डातही काही ओहम किंवा त्याहून कमी रोध मिळतो, म्हणून तिथे बीप वाजणे स्वाभाविक आहे. याउलट मुख्य वाहिनी आणि 3.3 व 5 व्होल्टच्या पुरवठ्यांवर ग्राउंडशी असलेला रोध सहसा हजारो ओहम असतो. तिथे शून्याजवळचा आकडा आला, तर तो दोष. रोध मोजताना अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढलेली हवीत. कानापेक्षा आकड्यावर विसंबावे आणि शक्य असल्यास त्याच मॉडेलच्या चालू बोर्डाशी तुलना करावी.

गैरसमज : शॉर्ट झालेला बोर्ड भंगारातच जातो.
वस्तुस्थिती : अनेकदा दोष तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशा एका सिरॅमिक कपॅसिटरचा असतो. तंत्रज्ञ त्या वाहिनीत बेंच पॉवर सप्लायमधून सुमारे 1 व्होल्ट सोडतो आणि थर्मल कॅमेऱ्याने तापणारा भाग हेरतो. सोडलेले व्होल्टेज वाहिनीच्या नेहमीच्या व्होल्टेजपेक्षा कधीही जास्त नसावे. मात्र प्रोसेसरच्या पुरवठ्यातला वरचा मॉस्फेट आरपार जळून 19 व्होल्ट थेट प्रोसेसरपर्यंत गेले असतील, तर दुरुस्ती सहसा परवडत नाही.

गैरसमज : भिजलेला लॅपटॉप तांदळात ठेवला, की सुधारतो.
वस्तुस्थिती : बडोद्यात 31 जुलै 2019 रोजी एका दिवसात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस झाला आणि ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्री नदीच्या पुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा पुराच्या पाण्यात क्षार आणि गाळ असतो. तांदूळ चिपखाली शिरलेला ओलावा ओढून घेत नाही, आणि पाणी सुकले तरी क्षार मागे उरतात. बॅटरी जोडलेली असेल, तर विजेमुळे तांबे झपाट्याने गंजते. म्हणून बटण दाबून ‘चालतो का’ हे पाहू नये. शक्य तितक्या लवकर बॅटरीची जोडणी काढावी आणि बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, पूर्ण वाळवून मगच तपासावा. पुराच्या पाण्यात बुडालेली किंवा फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. ती पेट घेऊ शकते.

गैरसमज : चिपला हीट गन दाखवली, की बोर्ड जिवंत होतो.
वस्तुस्थिती : एनव्हिडियाने जुलै 2008 मध्ये काही लॅपटॉप ग्राफिक्स चिपमधल्या दोषापोटी 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. तो दोष चिपच्या पॅकेजिंगमधला होता. अशी चिप तापवल्यावर काही काळ चालते आणि पुन्हा बंद पडते. शिसेविरहित सोल्डर सुमारे 217 अंश सेल्सिअसला वितळते. एवढी उष्णता अंदाजाने दिल्यास शेजारचे सुटे भाग सरकतात, बोर्डाचे थर फुगतात आणि नेमके निदान करण्याची संधीही जाते.

गैरसमज : बोर्ड गेला, म्हणजे माहितीही गेली.
वस्तुस्थिती : हार्ड डिस्क किंवा एसएसडी सुटी असेल, तर ती दुसऱ्या यंत्राला जोडून माहिती सहसा मिळवता येते; डिस्क कूटबद्ध असेल, तर रिकव्हरी की लागते. साठवण बोर्डावरच सोल्डर केलेली असेल, तर बोर्ड बदलण्याआधी माहितीचा विचार करणे अत्यावश्यक आहे.

दुरुस्तीला देताना ग्राहकाने एकच प्रश्न जरूर विचारावा : कोणता पुरवठा मिळत नाही आणि तो कुठे मोजला? याचे उत्तर मिळेपर्यंत नव्या बोर्डाचे पैसे देऊ नयेत. मोजमापाअंती बोर्ड खरोखरच निकामी ठरला, तर तो भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे सोपवावा. त्यासाठीचे 2022 चे नियम देशात 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत.