पाऊस, कोयता आणि मुलीचें लग्न

दुष्काळ म्हटला कीं करपलेलीं शेतें आणि घागरींच्या रांगा आपल्या डोळ्यांपुढें येतात. मराठवाड्यांत मात्र दुष्काळाचें आणखी एक माप आहे, आणि तें म्हणजे मुलीच्या लग्नाचें वय. पर्जन्याचा आणि विवाहाचा संबंध काय, असें श्रोत्यांस वाटेल. तोच आज थोडा उलगडून सांगावयाचा आहे.

बीड जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतो. पाऊस तेथें मुळांतच बेताचा. पृथ्वीचें हवामान तापत चालल्यापासून त्याच्या लहरीपणाचीहि भर पडली आहे. पेरणीनंतर दीर्घ खंड, आणि पीक हातीं येण्याच्या वेळीं अतिवृष्टि! शेजारच्या लातूर शहराला २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें अनेकांस स्मरत असेल. खरिपाचें पीक बुडालें म्हणजे शेतांत काम उरत नाहीं, देणें मात्र उरतें. मग दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात.

या धंद्याची रीत येथें नीट ध्यानांत घेतली पाहिजे. मुकादम मजुरांस आगाऊ रक्कम देतो, तिला ‘उचल’ म्हणतात. ती एका मनुष्याच्या हिशेबानें नव्हे, तर नवराबायकोच्या जोडीच्या हिशेबानें ठरते. एकानें ऊस तोडावयाचा, दुसऱ्यानें मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यावयाच्या, असें हें काम आहे. या जोडीचें नांवच ‘कोयता’. एकटा मजूर म्हणजे ‘अर्धा कोयता’. हत्याराचें नांव माणसांस पडावें, यांतच पुष्कळ कांहीं आलें. तेव्हां ज्या घरीं तरणा मुलगा आहे, त्या घराला सून हवी असते ती हंगामापूर्वीं.

आणि ज्या घरीं १३-१४ वर्षांची मुलगी आहे, तेथील आईबापांचा पेच तर याहून अवघड. गांवीं ठेवावी तर तिच्याकडे पाहणारें कोणी नाहीं. बरोबर न्यावी तर शाळा सुटते, आणि फडाजवळच्या कोपीला ना दार, ना कडी. अशा वेळीं दोनाचे चार हात करून मोकळें व्हावें, असें त्यांच्या मनांत आलें तर त्यास निव्वळ अडाणीपणा म्हणणें शहरांत बसून फार सोपें आहे.

कायद्याची उणीव आहे असें नाहीं. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या विवाहाची वयोमर्यादा १४ वर्षें ठरविली. १९७८ पासून ती १८ आहे. तरीहि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकीं १८ वर्षें पुरीं होण्यापूर्वीं विवाह झालेल्यांचें प्रमाण राज्यांत शेंकडा सुमारें २२, तर बीड जिल्ह्यांत सुमारें ४४ आढळलें.

आईबाप फडावर असतां मुलांस गांवींच शिकतां यावें, म्हणून हंगामी वसतिगृहांची शासकीय योजना आहे. माझ्या मतें मुलींच्या दृष्टीनें तिच्या इतकें उपयोगाचें दुसरें कांहीं नाहीं. मात्र सारा प्रश्न महिन्याचा आहे. वसतिगृह दिवाळीपूर्वीं उघडलें तर मुलगी मागें राहूं शकते; पौषांत उघडलें, तर तोंवर ती फडावर तरी गेलेली असते, नाहीं तर सासरीं.