मार्शल बेटांची फिर्याद

प्रशांत महासागरातील ज्या बेटांची एकंदर लोकसंख्या आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाहून फारशी अधिक भरणार नाही, ज्यांच्यापाशी स्वतःचे सैन्य नाही, त्या मार्शल बेटांच्या प्रजासत्ताकाने २४ एप्रिल २०१४ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात जगातील नऊच्या नऊ अण्वस्त्रधारी राष्ट्रांविरुद्ध फिर्याद दाखल केली. तीत नुकसानभरपाईची एक कवडीही मागितलेली नव्हती. अण्वस्त्रे नाहीशी करण्यासाठी सद्भावनेने वाटाघाटी करण्याचे जे बंधन या राष्ट्रांवर आहे ते त्यांनी पाळलेले नाही असे न्यायालयाने जाहीर करावे आणि एका वर्षाच्या मुदतीत ते पाळण्याचा हुकूम द्यावा, एवढेच मागणे होते.

हे मागण्याचा अधिकार या बेटांना कोठून आला? १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने बिकिनी व एनिवेटॉक या कंकणद्वीपांवर ६७ अण्वस्त्रचाचण्या केल्या, आणि त्यांतील बहुतेक अशा वेळी केल्या की, या मुलुखाचा कारभार संयुक्त राष्ट्रसंघाने रयतेच्या हितासाठी विश्वस्त या नात्याने अमेरिकेच्याच स्वाधीन केलेला होता. फेब्रुवारी १९४६ मध्ये, एका रविवारी, चर्चमधील प्रार्थना आटोपल्यावर अमेरिकन नौदलाच्या अधिकाऱ्याने बिकिनीच्या १६७ रहिवाशांना एकत्र बसवून, मानवजातीच्या कल्याणासाठी तुम्ही काही काळ आपले बेट सोडाल काय, अशी पृच्छा केली. त्या भाविक माणसांनी होकार दिला. ज्या रोंगेरिक बेटावर त्यांना नेऊन ठेवले तेथे अन्नाची इतकी टंचाई होती की, दोन वर्षांत उपासमारीच्या उंबरठ्यावर आलेल्या या लोकांना पुन्हा हलवावे लागले.

१ मार्च १९५४ च्या पहाटे बिकिनीवर ‘ब्राव्हो’ नामक हायड्रोजन बॉम्बचा स्फोट झाला. त्याची शक्ती १५ मेगाटन, म्हणजे हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे सहस्रपट होती. भुकटी होऊन आकाशात गेलेले प्रवाळ काही तासांनी दूरच्या रोंगेलॅप बेटावर पांढऱ्या राखेच्या रूपाने बरसू लागले. ती अंगणात साचली, पिण्याच्या पाण्याच्या हौदांत पडली, मुले तिच्यात खेळली. रात्र होईतो माणसांना ओकाऱ्या सुरू झाल्या आणि अंगाची आग होऊ लागली. पुढे कातडी सोलवटली, केस गळाले. त्यांना तेथून हलविण्यास मात्र दोन दिवस लागले. त्याच पहाटे लिकिएप बेटापाशी आजोबांबरोबर मासे धरीत असलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलाने सारे आकाश लाल झालेले पाहिले. तो मुलगा टोनी डी ब्रुम. पुढे परराष्ट्रमंत्री होऊन त्याच गृहस्थांनी हा दावा हेगला नेला.

स्फोटाहूनही दीर्घजीवी हानी जमिनीत दडलेली आहे, आणि कोकणी वाचकाला ती चटकन उमजेल, कारण या बेटांचे जीवनही माड, नीरफणस आणि केतकी यांवर उभे आहे. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम थोडे असते. म्हणून झाडे त्याच्याऐवजी त्याच जातकुळीचे किरणोत्सर्गी सीझियम मुळांवाटे ओढून घेतात, आणि ते नारळाच्या खोबऱ्यात व पाण्यात उतरते. बेट निर्धोक झाल्याची ग्वाही मिळाल्यावर १९७० नंतर काही बिकिनीवासी घरी परतले, तेथील नारळ खाऊ लागले, आणि १९७८ मध्ये त्यांच्या शरीरांतील सीझियमचे प्रमाण पाहून त्यांना पुनश्च बेट रिकामे करावे लागले.

अशा देशाने दयेची याचना न करता कायद्याचा आधार घेतला, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराचे स्वरूप उभयपक्षी होते. अण्वस्त्रहीन राष्ट्रांनी ही अस्त्रे कधीही न मिळविण्याचे वचन दिले, आणि कराराच्या सहाव्या कलमान्वये सर्वांनीच, अर्थात अण्वस्त्रधारकांनीही, निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी सद्भावनेने करण्याचे मान्य केले. १९९६ मध्ये याच न्यायालयाने आपल्या सल्लात्मक अभिप्रायात एकमताने सांगितले की, वाटाघाटी नुसत्या करावयाच्या नसून त्या तडीसही न्यावयाच्या आहेत. एका पक्षाने आपले वचन पाळावे आणि दुसऱ्याने ते दशकानुदशके लांबणीवर टाकावे, हा व्यवहार कोणत्याही दिवाणी कचेरीत टिकला नसता.

या प्रकरणी भारताची भूमिका आपल्याला विचारात पाडणारी आहे. ‘ब्राव्हो’नंतर अवघ्या महिन्याभरात, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या तहकूब करण्याचा करार व्हावा अशी मागणी केली होती, आणि साठ वर्षांनी त्याच बेटांच्या फिर्यादीत भारत प्रतिवादी होता. आपण अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केलेली नाही, निःशस्त्रीकरणाच्या ठरावांना आपला पाठिंबाच आहे, आणि न्यायालयाला येथे अधिकारक्षेत्र नाही, ही भारताची कैफियत निराधार नव्हती. तथापि ज्या राष्ट्राने १९५४ मध्ये या बेटांच्या वेदनेला वाचा फोडली, त्याने अधिकारक्षेत्राची हरकत बाजूस ठेवून मूळ प्रश्नाला उत्तर दिले असते, तर ते त्याच्या परंपरेला अधिक शोभले असते.

नऊंपैकी ब्रिटन, भारत व पाकिस्तान या तिघांनीच न्यायालयाचे अनिवार्य अधिकारक्षेत्र मान्य केलेले असल्याने तेवढेच तीन दावे पुढे चालले. ५ ऑक्टोबर २०१६ रोजी न्यायालयाने ते फेटाळले. कारण असे दिले की, फिर्याद दाखल होण्यापूर्वी उभय पक्षांत ‘विवाद’ अस्तित्वात असल्याचे सिद्ध झाले नाही. भारत व पाकिस्तान यांच्या बाबतीत मते ९ विरुद्ध ७ अशी पडली. ब्रिटनच्या बाबतीत ती ८ विरुद्ध ८ अशी समसमान होऊन अध्यक्षांच्या निर्णायक मताने निकाल लागला. ६७ स्फोट सोसलेल्या देशाचा अण्वस्त्रधाऱ्यांशी विवाद नाही, हे म्हणणे मला कधीच पटलेले नाही. मूळ प्रश्नाचा, म्हणजे वचनभंग झाला की नाही याचा, विचार न्यायालयाने केलाच नाही. तेव्हा आधी रीतसर हरकत नोंदवून एखादा अण्वस्त्रहीन देश नव्याने दाद मागू शकला असता. परंतु फेब्रुवारी २०१७ मध्ये ब्रिटनने आपली मान्यता सुधारून घेतली, आणि अण्वस्त्रप्रसारबंदी करारातील इतर चारही अण्वस्त्रधारी राष्ट्रांची संमती असल्याखेरीज निःशस्त्रीकरणाविषयीचा कोणताही दावा आपल्याविरुद्ध चालणार नाही, अशी अट तीत घातली.