चोपन्न मोटारी आणि एक रोहित्र

आधी एक हिशेब वहीत मांडा. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ पॅसाडीना येथे कॅलटेक हे विद्यापीठ आहे. त्याच्या आवारातील एका वाहनतळावर विजेच्या मोटारींच्या घटमाला भारित करण्याची, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत चार्जिंगची, सोय २०१६ साली सुरू झाली. पुढे तेथील चार्जरांची संख्या ५४ झाली. प्रत्येक चार्जर २०८ व्होल्टला जास्तीत जास्त ३२ अँपिअर प्रवाह देतो. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, हे तुम्हाला ठाऊकच आहे. एका चार्जरची शक्ती झाली सुमारे ६.७ किलोवॉट, आणि चोपन्नांची मिळून जवळजवळ ३६० किलोवॉट.

आता पुढची मेख पाहा. या चार्जरांना वीज पुरवणारे रोहित्र आहे अवघे १५० किलोव्होल्ट-अँपिअरचे. (आपल्या हिशेबापुरते ते १५० किलोवॉट धरायला हरकत नाही.) सकाळी सगळ्यांनी एकदम येऊन आपापल्या मोटारी जोडल्या, तर रोहित्रावर क्षमतेच्या २.४ पट भार पडेल. त्याच्या वेटोळ्यांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती होईल पावणेसहा पट! अर्थात त्याआधीच संरक्षक यंत्रणा वीज तोडील आणि मोटारी तशाच उभ्या राहतील.

मग बावीसच चार्जर बसवायचे काय? की नवे, मोठे रोहित्र आणायचे? त्याबरोबर जाड तारा आल्या, नवी फलके आली आणि खर्चही आला.

तुमच्या गल्लीतील पिठाची गिरणी आठवा. सकाळी तेथे डब्यांची रांग लागते. गिरणीवाला दुसरी चक्की विकत घेत नाही. तो विचारतो, "कधी हवंय?" ज्याला अर्ध्या तासात हवे त्याचे दळण आधी, संध्याकाळी येणाऱ्याचे मागाहून. कॅलटेकमधील प्राध्यापक स्टीव्हन लो आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नेमके हेच संगणकाकडून करवून घेतले. मोटार जोडताना चालक आपल्या फोनवरून दोन गोष्टी कळवतो : परत कधी निघणार आणि किती ऊर्जा हवी. संगणक दर काही मिनिटांनी हिशेब नव्याने मांडतो आणि कोणत्या मोटारीला किती प्रवाह द्यायचा ते ठरवतो.

हे जमते याचे कारण शक्ती आणि ऊर्जा यांतील फरकात आहे. आमच्या वर्गात दरवर्षी निम्मी मुले येथेच गोंधळतात! शक्ती कमी असली तरी वेळ भरपूर असेल तर ऊर्जा पुरेशी मिळते. १५० किलोवॉट आठ तास मिळाले, तर ऊर्जा झाली १,२०० किलोवॉट-तास, म्हणजे १,२०० युनिटे. चोपन्नांत वाटल्यास प्रत्येकी २२. एका युनिटात मोटार साधारण सहा किलोमीटर धावते असे धरा. म्हणजे प्रत्येकाला सव्वाशे किलोमीटरहून अधिक प्रवासाची सोय झाली. रोज कामावर जाण्यायेण्याला एवढे कशाला लागते? पेट्रोलपंपावर माणूस पाच मिनिटे थांबतो, पण विद्यापीठात मोटार दिवसभर उभी असते. शिवाय कॅलिफोर्नियात दुपारी सौर वीज मुबलक असते, हा आणखी एक फायदा.

पण मोटारीला "जरा सावकाश घे" हे सांगायचे कसे? जोडणीच्या केबलमध्ये मुख्य तारांखेरीज संदेशाची एक बारीक तार असते. तिच्यावरून चार्जर सेकंदाला १,००० वेळा चढउतार करणारी चौकोनी विद्युत्‌लहर पाठवतो. प्रत्येक आवर्तनाचा निम्मा काळ, म्हणजे ५० टक्के, लहर वरच्या पातळीवर असेल तर त्याचा अर्थ ३० अँपिअरपर्यंत घे. १० टक्के असेल तर फक्त ६. टक्क्यांना ०.६ ने गुणा की अँपिअर मिळाले, इतके सोपे. मात्र ६ अँपिअरच्या खाली उतरण्याची मुभा या पद्धतीत नाही. तेथे एकतर सहा, नाहीतर शून्य. गर्दीच्या वेळी संगणकाला काही मोटारी चक्क थांबवून ठेवाव्या लागतात त्या यामुळेच.

खरी अडचण आली ती माणसांची. "पाचला निघेन" म्हणणारा तीनलाच निघाला तर त्याची घटमाला अपुरी राहते. सातपर्यंत रेंगाळला तर त्याने दुसऱ्याची वेळ उगीच अडवलेली असते. या संशोधकांनी २०१९ साली चार्जिंगच्या तीस हजारांहून अधिक नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या. चालकांनी सांगितलेली वेळ आणि त्यांची प्रत्यक्ष वेळ यांत पुष्कळ तफावत होती. त्यांच्या तोंडच्या आकड्यांपेक्षा जुन्या नोंदींवरून बांधलेला अंदाज अधिक बरोबर ठरला.

तुमच्या शाळेच्या आवारातही हे तपासून पाहता येईल. एका सोमवारी शिक्षकांना सकाळीच विचारा, "आज किती वाजता निघणार?" आणि उत्तर लिहून ठेवा. मग फाटकाजवळ घड्याळ घेऊन बसा आणि प्रत्येकाची दुचाकी खरोखर किती वाजता बाहेर पडते ते टिपा. आठवडाभर हे करून दोन्ही वेळांचा आलेख काढा. तफावत किती मिनिटांची निघते, आणि ती लवकर निघणाऱ्यांची जास्त की उशिरा निघणाऱ्यांची, ते आम्हाला जरूर कळवा.