उडती तबकडी आणि पाच सेकंद

‘आकाशात काहीतरी विचित्र दिसले’ असे एखाद्या विद्यार्थ्याने सांगितले, की वर्गात काही मुले हसतात, तर काही लगेच परग्रहवासीयांचे नाव घेतात. दोन्हींमुळे चौकशी तिथेच थांबते. ती पुढे कशी न्यावी, हे इंग्लंडमधील एका गाजलेल्या घटनेवरून पाहू या.

२६ डिसेंबर १९८० च्या पहाटे तीनच्या सुमारास वुडब्रिज हवाई तळावरील अमेरिकन पहारेकऱ्यांना शेजारच्या रेंडलशॅम जंगलात प्रकाश उतरताना दिसला. ते जंगलात गेले, तेव्हा झाडांमागे उघडझाप करणारा दिवा दिसला. २८ तारखेला तळाचे उपप्रमुख चार्ल्स हॉल्ट हे स्वतः ध्वनिमुद्रक आणि किरणोत्सार मोजणारे यंत्र घेऊन तिथे गेले. त्यांनाही दिवे दिसले. ही सारी प्रशिक्षित माणसे होती. ती खोटे बोलत होती, असे मानण्याचे कारण नाही.

१९८३ मध्ये विज्ञानलेखक व हौशी खगोल-अभ्यासक इयन रिडपाथ यांनी या घटनेचा शोध घेतला. सरकारी अधिकार किंवा प्रयोगशाळा त्यांच्या हाती नव्हती. साधनेही साधीच: वेळ, दिशा आणि कालावधी.

वेळ पाहू. त्याच पहाटे, तीनच्या थोडे आधी, दक्षिण इंग्लंडवर एक तेजस्वी उल्का दिसल्याची नोंद होती. आता दिशा. जंगलाच्या कडेवरून पाहिले असता दिव्याच्या रेषेत सुमारे ८ किलोमीटरवर ऑरफर्डनेसचे दीपगृह होते. त्याचा झोत दर पाच सेकंदांनी चमकत असे. हॉल्ट यांच्या ध्वनिफितीवर प्रकाश पुन्हा दिसल्याचे उद्गारही पाच सेकंदांच्याच अंतराने येतात! उरला कालावधी. ताऱ्यांसारखे दिवे दोन-तीन तास आकाशात टिकून होते. रिडपाथ यांच्या मते ते तेजस्वी तारेच होते, आणि दक्षिणेकडचा व्याध.

म्हणजे एका ‘तबकडी’मागे तीन निरनिराळ्या, साध्या गोष्टी होत्या. डोळ्यांनी पाहिले ते खरेच. चूक झाली ती अर्थ लावताना. हॉल्ट यांना मात्र हा खुलासा मान्य नाही. अशा वेळी कोणाचा हुद्दा मोठा, हे पाहून निकाल लागत नाही; नोंदी पाहाव्या लागतात. ते दीपगृह २०१३ मध्ये बंद झाले आणि २०२० मध्ये पाडले गेले. तो झोत आता पाहता येत नाही, पण ध्वनिफितीवरचे पाच सेकंद आजही मोजता येतात. घटनेच्या वेळीच केलेल्या नोंदीचे मोल हे असे असते.

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रातही अनेकांनी आकाशातून जळत जाणारे तुकडे पाहिले. ते अग्निबाणाचे अवशेष होते. चंद्रपूर जिल्ह्यात धातूचे मोठे कडेही सापडले. अशी संधी पुन्हा येईल. तेव्हा मुलांना आपसांत चर्चा करण्यापूर्वी स्वतंत्रपणे लिहायला सांगावे: किती वाजता? कोणत्या दिशेला? किती सेकंद? क्षितिजापासून किती उंच? हात ताठ धरला, तर मूठ साधारण दहा अंश व्यापते. मग ग्रहतारे, विमाने, उपग्रह यांच्याशी या नोंदी ताडून पाहाव्यात.

तरीही उलगडा झाला नाही, तर ‘अनोळखी’ एवढेच लिहून थांबावे. तेही उत्तर वैज्ञानिकच आहे.