वानवळा, वसई परिसरातील

वानवळा : (वानोळा). एखाद्या प्रदेशात पिकणाऱ्या वा तयार होणाऱ्या वैशिष्ट्यपूर्ण जिनसांपैकी थोडा भाग आप्तेष्टांना व स्नेह्यांना वानगीदाखल दिला जातो, त्यास वानवळा म्हणतात. नव्या पिकाचे धान्य, पहिल्या तोडणीची फळे, घरी केलेले टिकाऊ पदार्थ इत्यादींचा त्यात समावेश होतो. पंढरपूरहून परतणारा वारकरी चुरमुरे व बुक्का आणतो, त्यामागेही हीच भावना असते. जपानमध्ये या प्रथेला ‘ओमियागे’ म्हणतात. हा शब्द ‘भूमी’ व ‘उत्पन्न’ या अर्थाच्या दोन चिन्हांनी लिहितात. एडो काळात (१६०३–१८६८) इसे येथील देवस्थानाच्या यात्रेमुळे ती तेथे दृढ झाली. गावाच्या वर्गणीतून यात्रेस जाणारा प्रतिनिधी गावकऱ्यांसाठी तेथील वस्तू आणीत असे. तेथील बहुतेक गावांची स्वतःची अशी एखादी नामांकित वस्तू असते. महाराष्ट्रात अशा वस्तूंचे वैविध्य एका लहान टापूत पाहावयाचे झाल्यास पालघर जिल्ह्यातील वसई–विरार परिसर हे त्याचे चांगले उदाहरण होय.

या परिसराच्या उत्तरेस वैतरणा नदी, दक्षिणेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर आहेत. किनाऱ्यालगत कोळीवाडे, त्यामागे बागायती गावे आणि पूर्वेस डोंगरपायथ्याचे आदिवासी पाडे अशी वस्तीची साधारण रचना आहे. प्राचीन शूर्पारक (नालासोपारा) बंदर, १५३४ ते १७३९ पर्यंतची पोर्तुगीज सत्ता व त्यानंतरचा मराठी अंमल यांचे संस्कार येथील खाद्यपदार्थांवर व चालीरीतींवर झाले आहेत. कोळी, वाडवळ, सामवेदी ब्राह्मण, सामवेदी ख्रिस्ती, भंडारी, आगरी, वारली इ. समाज येथे राहतात.

सुकेळी : वसईच्या वानवळ्यात सुकेळीचे स्थान पहिले आहे. राजेळी जातीची पक्व केळी उन्हात वाळवून ती तयार करतात. राजेळीची फळे लांब व जाड असून गर घट्ट असतो. दक्षिण भारतातील नेंद्रन ही तिला जवळची जात होय. कच्च्या फळात पिष्टाचे प्रमाण अधिक असल्याने फळ पूर्ण पिकल्याशिवाय वाळविता येत नाही. पिकताना पिष्टाचे शर्करेत रूपांतर होते व वाळताना पाणी कमी होऊन तीच शर्करा संहत होते. म्हणून सुकेळीत वरून साखर घालावी लागत नाही. सोललेली केळी बांबूच्या मांडवावर पसरून दिवसभर उन्हात ठेवतात, अधूनमधून उलटतात व दव लागू नये म्हणून सायंकाळी झाकतात किंवा आत घेतात. हा क्रम सु. आठवडाभर चालतो. पावसाळा संपल्यानंतरची कोरडी हवा या कामास अनुकूल असते. अवेळी आलेले ढग सगळा माल बुरशीने खराब करू शकतात. तयार सुकेळी केळीच्याच वाळलेल्या पानात गुंडाळून बांधतात. चांगली सुकेळी मधाच्या वा गडद तपकिरी रंगाची, मऊ व किंचित चिकट असते. आंबूस वास येणारी सुकेळी घेऊ नये. विरारजवळील आगाशी हे गाव सुक्या केळ्यांसाठी विशेष प्रसिद्ध असून ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरमध्येही त्यांचा उल्लेख आढळतो.

सुकी मासळी : अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव इ. ठिकाणच्या कोळी स्त्रिया बोंबील, जवळा, करंदी, मांदेली इ. मासळी वाळवून विकतात. ताज्या बोंबलात पाण्याचा अंश फार असल्याने तो लवकर नासतो. त्यामुळे दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांच्या जोड्या वलांडीवर, म्हणजे खांबांना आडव्या बांधलेल्या दोऱ्यांवर वा बांबूंवर, टांगतात. वारा चहूबाजूंनी लागल्याने बोंबील मिठाशिवायही वाळतो. मुंबईच्या अनेक घरांत पावसाळ्याची बेगमी म्हणून ही मासळी उन्हाळ्यातच भरली जाते.

बाटलीचा मसाला : उत्तर कोकणातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचा हा मसाला ‘बॉटल मसाला’ या नावाने ओळखला जातो. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. मिरच्या, धने, हळद यांबरोबर वीस-पंचवीस किंवा त्याहून अधिक जिन्नस उन्हात वाळवून, भाजून व कुटून हा मसाला एप्रिल–मे महिन्यांत तयार करतात आणि गडद काचेच्या बाटल्यांत दाबून भरतात. काचेच्या रंगामुळे प्रकाश व घट्ट बुचामुळे दमट हवा यांपासून त्याचे रक्षण होते. जिनसांचे प्रमाण घराण्यागणिक बदलते व ते सहसा बाहेर सांगितले जात नाही.

वारली चित्रे : भाताच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर काढलेली ही चित्रे मुळात विक्रीसाठी नव्हती. लग्नप्रसंगी सुवासिनी देवचौक लिहितात व त्यात पालघाट या देवीची आकृती असते. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही कला कागदावर आली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी ती जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला. वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशनाचे संरक्षणही लाभले आहे. तथापि छापील कापड व शोभेच्या वस्तूंवर तिच्या आकृत्यांची सर्रास नक्कल होते व तीतून वारली चित्रकाराच्या हाती काही पडत नाही. हाताने काढलेले चित्र शक्यतो चित्रकाराकडूनच घेणे, हा त्यावरील साधा उपाय होय.

सद्यःस्थिती : डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाल्याने त्यास स्वतंत्र ओळख लाभली. मात्र अशा नोंदणीने नावाचे रक्षण होते, जमिनीचे व पाण्याचे होत नाही. वसईची बागायत विहिरींच्या गोड्या पाण्यावर उभी राहिली. पावसाचे पाणी साठवून भूजल वाढविणारी, हाताने खोदलेली बावखले हा तिचा आधार होता. मुंबईच्या सान्निध्यामुळे १९८० नंतर येथे इमारतींची दाट वस्ती झाली. अनेक बावखले बुजली, पाण्याचा बेसुमार उपसा झाला व किनाऱ्याजवळच्या काही विहिरी मचूळ झाल्या. या प्रश्नावर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने जनआंदोलन उभारले. राजेळीच्या बागा कमी झाल्या असून सुकेळी करणारी कुटुंबेही थोडी उरली आहेत. हा व्यवसाय कष्टाचा, हवामानावर अवलंबून असणारा व हंगामी असल्याने पुढची पिढी नोकरीकडे वळते. शिल्लक बावखलांचे जतन, राजेळीची लागवड, धूळ व दव यांपासून माल वाचविणारे सौर वाळवणयंत्र आणि उत्पादकाला थेट विक्रीची सोय यांवर या वानवळ्याचे भवितव्य अवलंबून आहे.