तीनशेदोनचं आता एकशेतीन

सकाळचे सव्वाआठ. एलएलबीचं पहिलं वर्ष. पांढरा शर्ट, काळी पँट घातलेली पोरं मागे पेंगतायत. पुढच्या दोन बाकांवर आम्ही पोक्त मंडळी: एक नर्स, एक औषधकंपनीचा एमआर, हिशेबखात्यातली नोकरी सोडून आलेली मी, आणि भिंतीकडेला निवृत्त हवालदार. त्यांना सगळा वर्ग काका म्हणतो. मी दारातून आत आले की नवीन ॲडमिशनवाले अजून उठून उभे राहतात. तीन वर्षांच्या या कोर्सला बार कौन्सिलने तिशीची अट घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली तिला स्थगिती दिली, म्हणून आम्ही इथे.

काकांच्या वहीत पानाच्या मधोमध लाल रेघ आहे. डावीकडे ३०२, ४२०, ३२३. उजवीकडे १०३, ३१८, ११५. १ जुलै २०२४पासून १८६०ची दंड संहिता गेली, न्याय संहिता आली, ५११ कलमांची ३५८ झाली. डावा रकाना शाईत, एकटाकी. उजवा पेन्सिलीत, खोडून खोडून कागद पातळ झालाय. पोरांना नवे आकडे चटकन पाठ होतात. पण वाचायचे निकाल सगळे जुन्या कलमांवरचे, आणि त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना अजून जुनाच कायदा लागतो.

"काका, ३२४ काय होतं?" मागून कुजबुज.

"घातक हत्याराने दुखापत." काका मान वळवत नाहीत.

आज नानावटी खटला. बाई भराभर सांगतायत: एप्रिल १९५९, मुंबई, नौदलातला अधिकारी, बायकोची कबुली, तिच्या प्रियकरावर गोळ्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. "गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाचा बचाव का टिकला नाही?"

एक मुलगी हात वर करते. "मध्ये तीन तास गेले, मॅम." बरोबर आहे. बायको-मुलांना सिनेमाला सोडलं, मग तो जहाजावर गेला, मग प्रियकराच्या फ्लॅटवर.

"आणखी?"

वर्ग गप्प. काका उभे राहतात; बसून उत्तर देणं त्यांना जमतच नाही. "मॅडम, रिव्हॉल्व्हर जहाजावरून घेतलं ना? शस्त्र द्यायचं म्हणजे देणारा कारण विचारणार. थाप मारायला डोकं ठिकाणावर लागतं."

बाई निकालाची प्रत चाळतात. "खोटं कारण सांगून घेतलं, असं निकालात आहेच," त्या म्हणतात, आणि पहिल्यांदाच फळ्यावर काहीतरी लिहितात.

मला मात्र काकांच्या पेपरची काळजी वाटते. ते मराठीत लिहिणार आहेत, आणि सरावाचं प्रत्येक उत्तर 'सदर इसम'पासून सुरू होतं. अपवाद कुठला, पोटकलम कुठलं, हे शेवटच्या ओळीत कोंबलेलं. तपासणारा तिथपर्यंत वाचेल तर मार्क.

तास संपतो. एमआर विचारतो, "सनद मिळाल्यावर सरकारी वकिलांच्या हाताखाली जाणार ना, काका?"

"छे. आरोपीकडून उभा राहणार." काका वहीला रबर लावतात. "पंचनामा कुठे कच्चा राहतो, ते मला बरोबर ठाऊक आहे."

मागच्या बाकावरचे दोघे आपली दप्तरं उचलून पुढे येतात.